कुलूप नसलेली खोली

गेल्या नोव्हेंबरात आमच्या नागरी सहकारी बँकांची परिषद मुंबईत, परळला झाली. कोल्हापुराहून आम्ही तिघे गेलो होतो. हॉटेल एका जुन्या गिरणीच्या जागेवर बांधलेलं होतं. सभागृहात गारवा इतका, की दुसऱ्या वक्त्यापर्यंत माझे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिनिधींसाठी ‘मुंबई दर्शना’ची बस होती. संध्याकाळी समारोपात यंदा निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांचा सत्कार होता आणि त्यात माझंही नाव होतं. त्यानंतर कोल्हापूरची रातराणी. तिचं तिकीट शर्टाच्या खिशात होतं. सगळं आधी आखून ठेवलेलं मला बरं वाटतं.

बस मात्र मी सोडली. गेटवे मी पूर्वी पाहिला आहे. बायकोने लालबागचा मालवणी मसाला आणायला सांगितला होता, आणि मसाल्याच्या गल्लीजवळच ती चाळ होती जिच्यात माझ्या वडिलांनी गिरणीतली सगळी नोकरी काढली. मॅट्रिकच्या सुट्टीत मी तिथे महिनाभर राहिलो होतो. पुढे मामाकडे कोल्हापूरला गेलो, बी. कॉम. झालो, बँकेत लागलो. बाबा गिरण्यांच्या संपाच्या आधीच निवृत्त होऊन गावी गेले आणि संप बघायला उरले नाहीत. त्यामुळे लालबागला जायचं कारणच कधी पडलं नाही.

चाळ होती तशी होती, फक्त टेकूवर. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापासून तिसरी खोली. दार सताड उघडं. आत एक माणूस चिवड्याच्या ढिगासमोर मांडी घालून बसला होता, पिशव्या भरून मेणबत्तीवर त्यांची तोंडं चिकटवत होता. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि तो ताडकन उठला. उठला म्हणजे असा, की जणू मी आत शिरायच्या आधी त्याला दार गाठायचं होतं.

“कोण व्हया?”

मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. आमचं गाव कणकवलीच्या बाजूला आहे, जांभूळखोल.

“म्हादू? शाळेत माझी पाटी फोडलेलो, तो म्हादू?”

“पाटी तू माझी फोडली होतीस.”

“तोच तू!” तो म्हणाला, आणि तेव्हा मला आनंदा ओळखू आला. सातवीनंतर तो मुंबईला आला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. केस गेले होते, दात गेले होते, डोळे मात्र तसेच, एका जागी न ठरणारे. माझ्याशी बोलताना ते दोनदा जिन्याकडे जाऊन आले.

खोली आमच्या गावाची. ‘जांभूळखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी अजून दारावर आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावची वीस-बावीस माणसं या एका खोलीत राहायची. राहायची म्हणजे झोपायची, तीही पाळीपाळीने. दिवसपाळीवाले उठून गेले की रातपाळीवाले येऊन त्याच जागी वळकटी पसरायचे. भिंतीवर ओळीने खिळे, एकेका माणसाला एकेक खिळा, कपड्यांसाठी. खिळे सगळे होते. त्यातल्या एकावर आनंदाचा शर्ट होता, बाकी मोकळे.

“तिकडचो मोरीजवळचो, तो तुझ्या बापसाचो,” आनंदा म्हणाला.

मी तिकडे पाहिलं. खिळा गंजलेला होता. मी म्हटलं, “मसाला घ्यायचा आहे. चल ना खाली, दाखव जरा.”

तो लगेच निघाला. दार तसंच उघडं टाकून शेजारच्या खोलीकडे तोंड करून ओरडला, “कमळाबाय, मसालो घेऊन येतंय! नदर ठेव!” आतून बाईमाणसाचा आवाज आला, “ठेवते, ठेवते. तुझा चिवडा काय पळून जात नाय.”

“कुलूप नाही लावत?” मी विचारलं.

“कुलूप?” तो असा थांबला, की मी काही अभद्र बोललो की काय. “ह्या खोलीक कुलूप कधी लागलाच नाय.”

मसाल्याच्या गल्लीत तो माझ्या पुढे पुढे चालला होता. मसाला कुटणाऱ्या डंकांचा दणदणाट, मिरचीची धूळ, मला शिंका. एका दुकानी त्याने माझ्या वतीने घासाघीस केली, पण पाय दुकानात आणि मान चाळीकडे. दुकानदार हसून म्हणाला, “आनंदा, जा रे बाबा, खोली उडून जाईल.” मी वाटेत विचारलं, मुंबईत काय काय नवीन झालं, मला दाखव, सिद्धिविनायकाला जाऊ, दादरला चहा घेऊ. तो म्हणाला, “दादर मी बघून लय वर्सा झाली.” मला वाटलं थट्टा करतोय. दादर तिथून बसने काही फार लांब नाही.

“शिवडीक तेवढा गेलंय, परवा. म्हणजे दोन वर्सांमागे. गावचो धोंडू थय गोदीत होतो, तो मेलो तेव्हा.”

वर आलो तर कमळाबाई गॅलरीत पाटावर बसून लसूण सोलत होत्या. साठी उलटलेली, देवगडकडची बाई. एके काळी त्यांची खाणावळ होती, अर्धी चाळ त्यांच्याकडे जेवायची. माझी ओळख झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही शिकलेले दिसता. ह्याला जरा शिकवा. आज ह्याच्या नातीचं बारसं आहे गिरगावात, आणि हा बघा, चिवडा भरतोय.”

“गप ग,” आनंदा म्हणाला आणि आत जाऊन पुन्हा मेणबत्तीसमोर बसला.

“गप कशाला? नलूने काय निरोप पाठवलाय ते सांग की. नाय सांगत? मी सांगते. म्हणाली, बाबांना म्हणावं, लग्नात अक्षता पडल्या आणि तुम्ही पंगतीला न बसता पळालात, मी काय बोलले नाय. ह्या वेळी नाय आलात तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. आठ वर्षांनी मूल झालंय पोरीला!”

“कोण बसतलो हय?” आतून आवाज आला.

“मी बसते म्हटलं ना.”

“तू देवगडची.”

“बघा!” कमळाबाईंनी लसणीची पाकळी माझ्यापुढे नाचवली. “पाणी भरायला जातो, दुकानात जातो, तेव्हा चालते देवगडची. तासाच्या वर गेला की गावचाच माणूस पाहिजे ह्याला. आता कुठून आणायचा गावचा? विरारचे नाय येत, डोंबिवलीचे नाय येत. मंडळाचे सगळे वर्षातून एकदा सत्यनारायणाला येतात, शिरा खातात, ‘खोली बरी आहे ना रे आनंदा?’ म्हणतात, की चालले.”

आनंदा पिशवी चिकटवायची थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता.

“म्हादू,” तो म्हणाला, “तू गावचो मां?”

माझं रेशनकार्ड कोल्हापूरचं, घर कोल्हापूरचं, गावातला आमच्या वाट्याचा पडवीचा भाग चुलत्यांनी कधीच आपल्यात घेतला. माझी मुलं मालवणी बोलत नाहीत. शिवाय संध्याकाळी सत्कार होता. शाल घेताना कुठला शर्ट घालायचा, तोही मी काढून ठेवला होता.

“कितीपर्यंत येशील?” मी विचारलं.

“पाळण्यात घातल्यान की येतंय. दिवेलागणीक हय.”

मी मनात हिशेब केला. दिवेलागणीला आला तर समारोप निम्मा तरी मिळेल. तेवढ्यात तो उठून माळ्यावर चढला आणि पत्र्याची ट्रंक उघडून एक पुडकं काढून खाली आला. कागद पिवळा पडला होता. आत झबलं आणि टोपडं. कमळाबाईंनी ते हातात घेऊन पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

“हे कधी घेतलंस रे?”

“लग्न झाला तेव्हाच घेतलेला,” तो म्हणाला.

मी बूट काढले आणि आत जाऊन बसलो.

तो निघाला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन परत आला, मेणबत्ती विझली का बघायला. पुन्हा गेला. मी गॅलरीतून पाहत होतो, रस्ता ओलांडून बसथांब्यापर्यंत पोचला, आणि तिथे उभा राहून शर्टाचे, पॅंटचे सगळे खिसे चाचपायला लागला. काही तरी विसरल्यासारखा परत फिरला.

“किल्ली शोधतोय मेला,” कमळाबाई म्हणाल्या. “सगळे घरातून निघाले की किल्ली चाचपतात ना, तसा हा. किल्ली जन्मात नव्हती ह्याच्याकडे.” मग कठड्यावरून वाकून ओरडल्या, “अरे जा! गावचा बसलाय वर!”

खालची माणसं हसली. बस आली, आणि आनंदा चढला.

मी मोकळ्या खोलीत बसलो. बसायला जमेना. उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. चिवड्याच्या पिशव्या त्याने वाकड्यातिकड्या टाकल्या होत्या, त्या मी ओळीत रचल्या. तेही झालं. मोबाईल वाजला, आमचे सहकारी सांगत होते की बस चौपाटीवर थांबली आहे, मी कुठे आहे. मी म्हटलं, मुंबई बघतोय. खालून दुचाकी थांबल्याचा आवाज आला तर मी कठड्याशी गेलो. जिन्यात पाऊल वाजलं तर दाराशी गेलो. कमळाबाई हे सगळं पाहत होत्या.

“लागला ना घोर?” त्या म्हणाल्या. “त्याला पंचवीस वर्षं लागलाय.”

मग त्यांनी पाट आमच्या उंबऱ्याजवळ ओढला आणि लसूण सोलता सोलता जे सांगितलं ते असं.

संप लागला तेव्हा आनंदा तिशीचा होता. बायको शांती गावी, पोर पाळण्यातून नुकतीच उतरलेली. पहिले महिने खोलीत जत्राच होती. पाळ्या बंद, त्यामुळे सगळे एकाच वेळी खोलीत, पाय ठेवायला जागा नाही. कोणी गॅलरीत झोपे, कोणी गच्चीवर. मग एकेक जण पेरणीसाठी म्हणून गावी गेला. त्याच सुमाराला पलीकडच्या चाळीत दुसऱ्या एका गावाची खोली होती. तिथली सगळी माणसं कुलूप लावून गावी गेली आणि परत आली तर त्यांच्या कुलपावर मालकाचं कुलूप. तेव्हा आमच्या मंडळाची बैठक बसली, याच जमिनीवर. ठरलं असं की काही झालं तरी खोलीला कुलूप लागता कामा नये, गावचा एक माणूस कायम आत पाहिजे. आनंदा वयाने लहान, अंगाने धड. “तू थांब. लावणी झाली की आम्ही येतो,” असं त्याला सांगून शेवटचे चौघे गेले.

“कोणत्या वर्षीची लावणी ते काय बोलले नाय,” कमळाबाई म्हणाल्या.

त्याने या खोलीत बसून करता येतील ती सगळी कामं केली. हार ओवले, बटणं लावली, पाकिटं चिकटवली, आता चिवडा. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा काहीजणांना परत घेतलं, त्यात याचंही नाव होतं असं म्हणतात. पण खोलीत बसायला दुसरा कोणी नव्हता, म्हणून हा गेला नाही. चाळीत कोणी विचारलं की काय करतोस, तर सांगायचा, संपावर आहे. लोक हसायचे. हा नाही हसायचा.

“आणि बायको?” मी विचारलं.

“ती आजारी पडल्याची तार आली. हा शिवडीला धावत गेला, धोंडूला विनवलं, दोन दिवस येऊन बस म्हणून. धोंडूला रजा मिळेपर्यंत दिवस गेला. हा गावी पोचला तर माणसं स्मशानातून परत येत होती. नलू बारा-तेरा वर्षांची होती. तिने तेव्हापासून धरून ठेवलंय. तिचं काय चुकलं?”

मी म्हटलं, “एवढं कशासाठी? मंडळाला काही पडलेलं नाही.”

“ते त्याला मी कितीदा बोलले. जावई एकदा पितळी कुलूप घेऊन आला होता, मोठं, दोन किल्ल्यांचं. म्हणाला, बाबा, लावा आणि चला आमच्याकडे. ते बघा तिथे.”

कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. झाकणावर वजन म्हणून कुलूप ठेवलेलं होतं. नवंकोरं, किल्ल्या तशाच दोऱ्यात.

“मी एकदा रागाने विचारलं, अरे, कोणासाठी राखतोस? तर म्हणाला, ते येतील तेव्हा काय सांगू? मी म्हटलं, मेले रे त्यातले निम्मे. तर म्हणतो, निम्मे आसत मां?” कमळाबाईंनी सालं पदरात गोळा केली आणि त्या भात टाकायला आत गेल्या.

दिवेलागण झाली. आनंदा आला नाही. समारोप सुरू झाला असेल. माझं नाव पुकारून झालं असेल; शाल कोणीतरी माझ्या वतीने घेतली असेल. मी दार आणि कठडा यांच्यामध्ये येरझारा घालत होतो. समोर हॉटेलच्या बाजूला उंच इमारतींचे दिवे लागले होते आणि त्यांच्यामध्ये गिरणीची एक चिमणी काळी उभी होती. मला लघवीला जायचं होतं, संडास गॅलरीच्या टोकाला. जाऊन येईपर्यंत कमळाबाईंना सांगून गेलो. देवगडच्या, पण तेवढ्यापुरत्या चालतात. परत येताना जवळजवळ धावतच आलो, आणि माझं मलाच हसू आलं.

बाहेर पडायची आता वेळ झाली होती. हॉटेलवरून सामान घ्यायचं, दादरला गाडी गाठायची. आनंदाचा राग यायला लागला. दिवेलागणीला म्हणाला होता. शब्द दिला की पाळायचा, एवढं तरी. आणि मग मोबाईल वाजला. मी कमळाबाईंना दिलेला माझा नंबर त्यांच्या मुलाने तिकडे कळवला होता.

“काका, मी नलू बोलते. आनंदाची मुलगी.” मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी पाळणा म्हणत होतं. “बाबा आलेत.”

“हो, कळलं. झालं का बारसं? निघाले का?”

“नाही. आले, बाळाला हातात घेतलं, तुमचं नाव सांगितलं, गावचो बसलोहा म्हणाले. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. एवढा गोंधळ चाललाय, तरी जाग नाही. मी त्यांना असं झोपलेलं कधी बघितलं नाही, काका. गावी यायचे तेव्हासुद्धा रात्रभर उठबस. तुमची गाडी आहे म्हणाले होते. उठवू का?”

खिशातलं तिकीट मला शर्टावरून लागत होतं. मी दारात उभा होतो. एक हात चौकटीवर.

“उठवू?” तिने पुन्हा विचारलं, अगदी हळू.

“नको,” मी म्हटलं. “झोपू दे.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

घरी फोन केला. बायकोला सांगितलं की गाडी उद्याची घेतो, आज बाबांच्या खोलीवर आहे. तिने दोन क्षण विचार करून विचारलं, “मसाला घेतलात ना?”

कमळाबाईंनी भात आणि बांगड्याचं तिखलं आणून ठेवलं. जेवून झाल्यावर परिषदेची रेक्झिनची पिशवी कुठे ठेवावी म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं आणि मोरीजवळच्या खिळ्याला अडकवली. खिळ्याने ती धरली. त्याच्याखालीच वळकटी पसरली. दार उघडं ठेवूनच झोपायचं असतं, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

सकाळी दूधवाल्यांच्या वेळी कडी वाजली. दार उघडंच होतं. आनंदा उंबऱ्याबाहेर उभा राहून ती वाजवत होता, पाहुण्यासारखी. हातात स्टीलचा डबा. चेहरा झोपेने सुजलेला.

“ये की आत. तुझीच खोली आहे,” मी म्हटलं.

“घुगऱ्यो दिल्यान नलूने. तुका आणि कमळाबायेक.” तो आत आला. पण नेहमीसारखी भिरभिरती नजर नव्हती. पिशव्यांची ओळ पाहिली, खिळ्याला अडकवलेली माझी पिशवी पाहिली.

कमळाबाई आल्या. “काय रे, नाव काय ठेवलं नातीचं?”

“ठेवल्यानी कायतरी. माका सकाळी सांगल्यान.” तो डोकं खाजवू लागला. “नाव ठेवतना मी झोपलेलंय.”

“बारशाला जाऊन झोपला!” कमळाबाई हसत सुटल्या. “शोभतोस! आणि नलू? रागावली?”

“खूप.” तो खाली बसला, भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून. काल मी त्याला एकदाही पाठ टेकलेला पाहिला नव्हता. “म्हणता, पुन्हा येशात तेव्हा जागे राहा.”

मी पिशवी काढली, बूट घातले. तो खाली सोडायला उठला आणि मग स्वतःच थांबला, कारण दोघे निघालो असतो तर खोलीत कोणी राहिलं नसतं.

“म्हादू,” तो म्हणाला, “रिटायर कधी होतंस?”

“मार्चअखेर.”

“मग तुझी ती परिषद नाय पुढच्या वर्सा?”

“नाही. माझ्यासाठी संपलं ते.”

“बरा झाला,” आनंदा म्हणाला. “मे महिन्यात नलू बाळाक घेऊन गावाक जातली. माका चल म्हणता. पंधरा दिवस.” आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, “बघतो.”

“बघतंय नको. तू गावचो मां?”

जिना उतरताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं.

मार्च आता जवळ आला आहे. बँकेत निरोपाची तयारी चालली आहे, बायको मे महिन्यात अष्टविनायकाला जायचं ठरवते आहे. मी हो म्हणालो आहे. लालबागच्या त्या पंधरा दिवसांचं तिला अजून सांगितलेलं नाही.